कानस खाली ठेवा! क्लॅम्पच्या जबड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांत क्लॅम्पचीच पत्रं जास्त निघाली. (क्लॅम्प म्हणजे लाकूड आवळून धरायचं साधन: एक दांडा, त्यावर एक स्थिर आणि एक सरकता जबडा. पॅरलल क्लॅम्पचे जबडे एकमेकांना समांतर राहावेत अशी अपेक्षा असते.) पहिलं लांब आहे आणि माझं उत्तर त्याहून लांब झालंय. बाकीची पत्रं थोडक्यात आटोपली आहेत, त्याबद्दल त्या वाचकांनी रागावू नये.

ताई, गेली सहा वर्षं हौस म्हणून सुतारकाम करतो आहे. नुकतेच एक मीटर लांबीचे चार नवे पॅरलल क्लॅम्प घेतले. गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून पाहिला, तर चारांतला एकच काटकोनात! दोघांचे जबडे टोकाला आत झुकलेले आहेत, साधारण अर्धा मिलिमीटर. चौथ्याचा जबडा बाहेर कललाय. माझ्याकडे एका म्हाताऱ्या सुतारकाकांनी दिलेले दोन जुने क्लॅम्प आहेत, ते हातात घेतले तरी वजनावरून फरक कळतो. हल्ली या वस्तूंचा दर्जा घसरलाय, हे तुम्हालाही पटतं ना? आणि आता काय करू? चारही परत करू, की कानशीनं घासून गुण्यात आणू? — एक वैतागलेला हौशी सुतार

आधी कानस खाली ठेवा. बाकीचं मग बोलू.

हे इतक्या घाईनं सांगायचं कारण असं की, ही चूक मी स्वतः केली आहे. कामाला लागून मला तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि नव्यानं गुण्या हातात आलेल्या माणसाला जग वाकडं दिसायला लागतं, तसं माझं झालं होतं. कार्यशाळेतल्या सहा क्लॅम्पांचे स्थिर जबडे मी तपासले. सहाही आत झुकलेले. म्हटलं, इतकी वर्षं या लोकांनी यावर काम केलंच कसं! दोन संध्याकाळी कामं आटोपल्यावर बसून, चपटी कानस घेऊन, निळी शाई लावून लावून मी ते सहाही जबडे अगदी काटेकोर काटकोनात आणले. गुण्या आणि जबडा यांच्यामधून उजेडाची रेघही दिसत नव्हती. स्वतःवर खूश होऊन घरी गेले.

पुढच्याच आठवड्यात पाच फळ्या जोडून एका टेबलाचा पृष्ठभाग करायचा होता. फळ्यांच्या कडा मीच रंधून सरळ केल्या होत्या, जोड कोरडा लावून पाहिला तेव्हा कुठेही फट नव्हती. गोंद लावला, सहाही क्लॅम्प आवळले, दुसऱ्या दिवशी सोडले. वरून सरळपट्टी ठेवली तर पृष्ठभाग मधे फुगलेला. मी लाकडाला दोष दिला, हवेतल्या ओलाव्याला दिला, गोंदाला दिला. दुसरा पृष्ठभागही तसाच निघाला, तेव्हा आमचे थोरले मिस्त्री काही न बोलता आले. त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडल्या. एक चौकोनी ठोकळा क्लॅम्पात धरला, जबड्याच्या टोकाशी एक पट्टी आणि दांड्याजवळ एक पट्टी अडकवली, नेहमीसारखा पिळून आवळला आणि मला म्हणाले, ओढ. दांड्याजवळची पट्टी फाटली पण सुटली नाही. टोकाजवळची अलगद हातात आली. आवळल्यावर जबडे वर उघडत होते. ते उघडणार हे धरूनच कारखान्यानं त्यांना आत झुकवलेलं होतं आणि मी तेवढाच भाग प्रामाणिकपणे घासून टाकला होता.

आता यामागचं कारण. क्लॅम्पात दाब लागतो तो दांड्याच्या रेषेत नाही, दांड्यापासून थोडा दूर लागतो. काम, म्हणजे आवळलेलं लाकूड, दोन्ही जबड्यांना बाहेर ढकलतं, जबडे दांड्याच्या टोकांना पिळतात आणि दांडा वाकतो. वाकतो तोही कामाच्या दिशेनं: मधला भाग वर, कामाकडे फुगतो आणि दोन्ही जबड्यांची टोकं एकमेकांपासून लांब जातात. फळी दांड्यावर टेकलेली असेल तर फुगलेला दांडा तिला खालून ढोसतो तेही वेगळंच.

हा कल किती असतो, हे बहुतेकांना आकड्यांत माहीत नसतं, म्हणून गणित मांडते. दांडा ३० मिमी रुंद, ८ मिमी जाड, पोलादाचा. जबड्यांमधलं अंतर एक मीटर. साध्या एफ-क्लॅम्पची (इंग्रजी F च्या आकाराच्या क्लॅम्पची) गोल टिकली दाब दांड्याच्या मध्यापासून ६० मिमीवर लावते असं धरा, आणि दाब ३०० किलो, जो हाताच्या जोरदार पिळानं येऊ शकतो. एवढ्यात दांड्याचा मध्य सुमारे ६ मिमी वर येतो आणि प्रत्येक जबडा जवळजवळ दीड अंश बाहेर कलतो. पॅरलल क्लॅम्पमध्ये जबडा उघडायला लागला की दाब आपोआप दांड्याकडे सरकतो, त्यामुळे दांडा इतका वाकत नाही. पण दाब दांड्याकडे सरकला, म्हणजेच जोड खालून घट्ट आणि वरून सैल झाला. माझ्या फुगलेल्या टेबलाचं मूळ तेच.

तुमचा अर्धा मिलिमीटर आता या मोजपट्टीवर ठेवून बघा. नव्वदएक मिलिमीटर उंचीच्या जबड्यावर अर्धा मिलिमीटर म्हणजे अंशाचा तिसरा हिस्सा. तो आतल्या बाजूला असेल तर दोष नव्हे, उलट उपयोगाचा आहे. ते दोन क्लॅम्प ठेवा. बाहेर कललेला मात्र परत करा, कारण तो रिकामा असतानाच उघडा आहे आणि आवळल्यावर आणखी उघडणार. काटकोनात असलेल्याचं काय करायचं, ते कागदाच्या पट्ट्या सांगतील.

परत करण्याआधी मात्र दोन गोष्टी कराच. पहिली, गुण्याच तपासा. एका सरळ कडेला गुण्या टेकवून रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. दोन रेघा एकमेकींवर पडल्या नाहीत तर त्यांच्यातला फरक म्हणजे गुण्याच्या चुकीची दुप्पट. लाकडी मुठीचे गुण्ये पडून पडून वाकडे होतात आणि मग सगळं घर वाकडं दिसतं. दुसरी, सरकत्या जबड्यावर रिकाम्या स्थितीत गुण्या लावूच नका. तो दांड्यावर सरकायचा म्हणजे त्याच्या भोकात थोडी सैल जागा ठेवावीच लागते. रिकामा असताना तो कुठल्याही बाजूला लुळा पडतो, आणि त्या स्थितीतलं माप काही सांगत नाही. स्थिर जबडा रिकामा मोजा, सरकता जबडा आवळून मोजा. आवळताना मधे चांगल्या कठीण लाकडाचा, दोन्ही टोकं चौरस कापलेला ठोकळा धरा. पाइनचा ठोकळा घेतलात तर तोच दबतो आणि तुमची फसगत होते.

एक कल असा आहे ज्याला मी कधीच माफ करत नाही, आणि तुम्ही त्याचा उल्लेख केलेला नाही, म्हणजे बहुधा तो पाहिलेलाच नाही. क्लॅम्प हातात घ्या आणि दांड्याच्या टोकाकडून, बंदुकीचा नेम धरावा तसा, एका जबड्यावरून दुसऱ्या जबड्याकडे बघा. दोन्ही जबडे एकाच उभ्या रेषेत दिसायला हवेत. एक जबडा डावीकडे किंवा उजवीकडे पिळलेला असेल, तर क्लॅम्प आवळताना काम आडवं घसरतं, चौकटीला मुरड पडते, आणि हा पीळ कुठल्याही दाबानं सरळ होत नाही. आत झुकलेला अर्धा मिलिमीटर मी हसून सोडून देईन. आडवा पीळ पाव मिलिमीटर असला तरी परत.

आता मला थोडं फटकळ बोलू द्या. क्लॅम्पच्या जबड्यानं काम चौरस होतं, ही समजूत पॅरलल क्लॅम्प आल्यापासून फार वाढली आहे. चौकट चौरस होते ती सांध्याचा खांदा, म्हणजे एक लाकूड दुसऱ्याला टेकतं ती कापलेली बाजू, चौरस कापल्यानं. क्लॅम्पचं काम तिला तशीच धरून ठेवायचं. खांदा वाकडा असेल तर सर्वोत्तम जबडाही त्याला जोरानं काटकोनात बसवेल आणि क्लॅम्प सोडल्यावर चौकट आपल्या मूळ वाकडेपणावर परत जाईल, जाताना गोंदाचा जोड थोडा फाडूनही जाईल.

म्हणून चौकट आवळल्यावर जबड्यावर विश्वास न ठेवता कर्ण मोजा. समोरासमोरच्या बाजू सारख्या असतील आणि दोन्ही कर्ण सारखे असतील तर चौकट गुण्यात. ६०० बाय ८०० मिमीची चौकट घ्या, कर्ण १००० मिमीचे. ती ६०० च्या उंचीत फक्त २ मिमी कलली, तर एक कर्ण वाढतो आणि दुसरा घटतो आणि त्यांच्यातला फरक ३ मिमीपेक्षा जास्त होतो. गुण्याला कोपऱ्यात जी चूक जेमतेम दिसली असती, ती मोजपट्टीला ठळक दिसते. एक कर्ण लांब आला तर क्लॅम्प सोडायची गरज नाही. क्लॅम्प किंचित तिरके सरकवा, म्हणजे त्यांचा ओढा लांब कर्णाच्या दिशेनं पडेल, आणि पुन्हा मोजा. वाकडा जबडा असा मुद्दाम कामाला लावता येतो.

फळ्या जोडताना मी जबड्यांच्या काटकोनाची चिंता जवळपास सोडूनच दिली आहे. माझा उपाय साधा आहे. जबडा आणि फळीची कड यांच्यामधे एक गोल लाकडी काठी ठेवायची, बारा-पंधरा मिमी जाडीची, फळीच्या लांबीएवढी, बरोबर कडेच्या जाडीच्या मध्यावर. मग जबडा कितीही कलू दे, दाब त्या काठीच्या रेषेतूनच फळीत जातो. काठी एका दोऱ्यानं किंवा कागदी चिकटपट्टीनं जागेवर धरली की हात मोकळे राहतात. आणि एक क्लॅम्प खालून, पुढचा वरून, पुन्हा खालून, असे लावायचे. खालच्या दांड्यांचा बाक आणि वरच्या दांड्यांचा बाक एकमेकांना खोडून काढतात. माझ्या त्या सहा घासलेल्या क्लॅम्पांवर मी पुढे अशीच कितीतरी टेबलं जोडली. त्यांपैकी दोन अजून वापरात आहेत.

राहिला दर्जाचा प्रश्न. घसरलाय, हे मला पटतं. पण तुम्ही बोट ठेवताय तिथे नाही. तुमच्या जुन्या क्लॅम्पांचेही जबडे गुण्यात नसणार, लावून बघा. शिवाय आपल्या हातात जुने जे येतात ते टिकलेले असतात. त्या काळी तडकलेले, आटे झिजलेले आणि वाकलेले क्लॅम्प केव्हाच भंगारात गेले, त्यांची आठवण कुणी काढत नाही. मात्र वजनाबद्दल तुमचा हात बरोबर सांगतोय. व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) घेऊन दांडा मोजा. मी माझ्याकडच्या एका जुन्या आणि एका नव्या स्वस्त क्लॅम्पाचा मोजला. जुना ३० बाय ८, नवा २७ बाय साडेसहा. डोळ्याला फरक नगण्य. पण वाकण्याच्या दिशेतला ताठपणा रुंदीच्या घनाप्रमाणे बदलतो आणि जाडीप्रमाणे साधा. ३ मिमी रुंदी आणि दीड मिमी जाडी गेली की ताठपणा जुन्याच्या ५९ टक्क्यांवर येतो. वर ज्या दाबाला ६ मिमी बाक निघाला, त्याच दाबाला नवा दांडा १० मिमीपेक्षा जास्त वाकतो.

इतकंच नाही. साध्या माइल्ड स्टीलला साधारण २५० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक) ताणाला कायमचा बाक येतो. जुन्या दांड्यात त्या ३०० किलोला ताण १६० च्या आसपास, म्हणजे सोडला की परत सरळ. नव्यात तोच २४० वर पोचतो. एखाद्या दिवशी घाईत अर्धा पीळ जास्त दिलात की दांडा कायमचा वाकला आणि मग जबडे रिकामे असतानाही बाहेर उघडे. तुमचा चौथा क्लॅम्प कारखान्यातूनच तसा आला असेल, पण माझ्याकडे दुरुस्तीला येणारे बाहेर कललेले क्लॅम्प बहुतेक असेच बिघडलेले असतात. तेव्हा जबड्यापेक्षा दांड्याची रुंदी आणि जाडी मोजून मगच पैसे द्या.

स्क्रूकडेही बघा. आट्यांचा छेद सपाट माथ्याचा, रुंद, समलंबासारखा असेल तर वर्षानुवर्षं चालतो. साध्या बोल्टसारखे टोकदार आटे असले तर ते लवकर झिजतात आणि आवळताना कुरकुरतात. मूठ पिनेनं अडकवलेली आहे की नुसती दाबून बसवलेली, ते पिळून बघा. नुसती दाबून बसवलेली लाकडी मूठ एक दिवस हातात फिरायला लागते आणि स्क्रू जागेवरच राहतो. ओतीव भाग कशाचा, हाही प्रश्न विचारा. लवचीक केलेलं बीड, ज्याला मॅलिएबल म्हणतात, ते वाकून तक्रार करतं. साधं करडं बीड आणि जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम तक्रार न करता तडकतं.

सुधारलेल्या गोष्टीही आहेत. पॅरलल क्लॅम्पच्या जबड्यांवरच्या प्लास्टिकच्या आवरणाला गोंद चिकटत नाही, वाळला की नखानं उडतो. जुन्या बिडाच्या जबड्यांवरचा वाळलेला गोंद पटाशीनं खरवडण्यात माझ्या तरुणपणाचे किती तास गेले, ते मी मोजलेलेच बरे नाहीत.

आणि तरीही जबडा घासायचाच असेल, बाहेर कललेला आहे आणि परत करण्याची मुदत गेली आहे म्हणून, तर लोखंडाला हात लावू नका. जबड्याच्या तोंडाला दुतर्फी चिकटपट्टीनं कठीण लाकडाची सहा-आठ मिमीची चकती लावा. ती रंध्यानं हवी तशी आत झुकती करा, कागदाच्या पट्ट्यांनी तपासा. चुकलात तर चकती बदलता येते.

आमच्या एफ-क्लॅम्पचा सरकता हात आवळताना दांड्यावरून घसरतो. तेल घालून पाहिलं, जास्तच घसरायला लागला. — दोन मैत्रिणी, ज्यांनी मिळून कपाट करायला घेतलंय

तेलच पुसा, बायांनो! एफ-क्लॅम्प अडकतो तो घर्षणानं. तुम्ही स्क्रू फिरवता, सरकता हात दांड्यावर तिरका होतो, त्याच्या भोकाच्या दोन कडा दांड्याच्या दोन बाजूंत रुततात आणि तो थांबतो. जितका जास्त आवळाल तितका जास्त रुततो. म्हणून दांड्याच्या कडेवर बारीक दाते पाडलेले असतात. त्या दात्यांत वाळलेला गोंद, मेण किंवा तुमचं तेल बसलं की रुतायला काही उरत नाही.

तेल रॉकेलनं किंवा थिनरनं पुसून काढा, खिडक्या उघड्या ठेवून आणि जवळपास ज्योत नसताना. दात्यांतला गोंद तारेच्या ब्रशनं काढा. मग सरकत्या हाताच्या भोकाच्या कडा बोटानं चाचपा. गोल झालेल्या असतील तर बारीक त्रिकोणी कानशीनं दोन-चार हात मारून धार परत आणा. (वरच्या पत्रवाल्यांना मी कानस खाली ठेवायला सांगितली आणि तुम्हाला हातात घ्यायला सांगतेय, हे लक्षात आहे.) दाते फारच झिजले असतील तर दांड्याच्या कडेवर आडव्या रेघा ओढल्यासारखी कानस फिरवा. घाईत असाल तर खडू घासा, तेवढ्या दिवसाचं काम निभावतं. तेल फक्त स्क्रूच्या आट्यांवर, आणि तेही एक थेंब.

फळ्या जोडायला किती क्लॅम्प पुरे? पुस्तकात वाचलेला दाब गाठायचा तर माझ्या क्लॅम्पांची संख्या कधीच पुरत नाही. — कमी सामानवाला

पुस्तकातला दाब खरा आहे. पांढऱ्या-पिवळ्या गोंदाला मऊ लाकडासाठी दर चौरस सेंटिमीटरला साधारण ७ ते १० किलो सांगतात, कठीण लाकडाला १२ ते १७. अडीच सेंटिमीटर जाड आणि १२० सेंटिमीटर लांब जोडाचं क्षेत्र होतं ३०० चौरस सेंटिमीटर. १० किलोनं धरलं तरी ३००० किलो. दर क्लॅम्पाचे ३०० किलो धरले तर दहा क्लॅम्प लागतील. प्रत्यक्षात कडा नीट रंधलेल्या असतील, कोरडा जोड हातानं दाबून फट दिसत नसेल, तर यापेक्षा बऱ्याच कमी दाबात उत्तम जोड होतो. पुस्तकातला मोठा आकडा कच्च्या रंधकामाची भरपाईही करतो, एवढं समजून घ्या.

अंतर कसं ठरवायचं ते मी असं करते. जबड्यातून दाब लाकडात पंख्यासारखा पसरतो, दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांत. म्हणजे बाहेरची फळी १५ सेंटिमीटर रुंद असेल तर एक क्लॅम्प जोडावर ३० सेंटिमीटर लांबी व्यापतो. १२० सेंटिमीटरला चार पुरे. फळी ५ सेंटिमीटरचीच असेल तर एका क्लॅम्पाला १० सेंटिमीटरच मिळतात आणि मग क्लॅम्प कमी पडतात. अशा वेळी बाहेरून एक रुंद, सरळ, जाड पट्टी लावा, म्हणजे पंखा पसरायला जागा मिळते. कमी सामानवाल्यांनी रुंद पट्ट्या जपून ठेवाव्यात.

कुठल्या कंपनीचे क्लॅम्प घ्यावेत ते एकदा नाव घेऊन सांगाच. — कायमचे वाचक

नाव घेते, पण तुमचं समाधान होईलसं वाटत नाही. जर्मनीतल्या बेसीची सुरुवात १८८९ मध्ये स्टुटगार्टला झाली ती पोलादाच्या चकचकीत सळया ओढण्याच्या धंद्यात, क्लॅम्प नंतर आले. ज्यांचा मूळ धंदा दांड्याचाच, त्यांच्या क्लॅम्पचा दांडा मी आधी बघते तो उगाच नाही. शिकागोची ॲडजस्टेबल क्लॅम्प कंपनी १९०३ पासून चालली, जॉर्गेनसेन आणि पोनी ही तिची नावं. ती २०१६ मध्ये बंद पडली आणि ती नावं पुढे नव्या मालकांकडे परत बाजारात आली. जुनं आणि नवं दोन्ही हातात घेऊन मोजल्याशिवाय त्यात फरक पडला की नाही, हे मी सांगणार नाही. मला एवढंच कळतं की डब्यावर तेच नाव असलं तरी आतली वस्तू दुसऱ्या कारखान्याची असू शकते. तुमच्या मित्रानं वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या क्लॅम्पाची शिफारस आज उपयोगाची नाही. व्हर्निअर, गुण्या आणि कागदाच्या दोन पट्ट्या सोबत न्या. विक्रेता हसला तर हसू दे.

पाइप क्लॅम्पनं जोडलेल्या फळीवर निळसर काळे डाग पडले. रंध्यानंही जात नाहीत. — नावाचा आग्रह नाही

लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य), पाइपचं लोखंड आणि गोंदातलं पाणी, तिघं एकत्र आले की शाईच तयार होते. ओक, अक्रोड आणि टॅनिन भरपूर असलेल्या बाभळीसारख्या लाकडांत हे हटकून होतं. डाग खोल असतील तर ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ द्रावण लावून उतरतात. ते विषारी आहे, तेव्हा हातमोजे, चष्मा आणि लावून झाल्यावर भरपूर पाण्यानं धुणं आलंच. सुकलेली पूड घासताना नाकातोंडात जाऊ देऊ नका. पुढच्या वेळी पाइप आणि फळी यांच्यामधे मेणकागदाची पट्टी ठेवा. ती गोंदालाही चिकटू देत नाही.